तीनशे बायका आणि एक बिबट्या

इ. स. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकून भुजच्या विमानतळाची धावपट्टी उखडून टाकली. दुरुस्तीस पुरेसे मजूर मिळेनात. तेव्हा तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाकेस जवळच्या माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रिया धावून आल्या, आणि ७२ तासांत त्यांनी ती पट्टी पुन्हा उड्डाणयोग्य केली. याच प्रसंगावर अभिषेक दुधैया यांचा ‘भुज : द प्राइड ऑफ इंडिया’ (२०२१) हा हिंदी चित्रपट आधारलेला आहे. कर्णिक हे मराठी. तेव्हा आपल्याकडील प्रेक्षकांस त्याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होय.

आमची तक्रार निराळी आहे. नायिका सुंदरबेन हिचे शौर्य पटावे म्हणून चित्रपटात तिच्या हातून एक बिबट्या मारविला आहे. शेणाची पाटी उचलणे हे शौर्य पुरेसे वाटले नाही, असाच याचा अर्थ! वस्तुतः त्या कामातच केवढे नाट्य होते! भोंगा वाजताच झुडपांत दडावयाचे, आणि धोका टळताच पुन्हा त्याच खड्ड्यापाशी यावयाचे. शत्रूच्या दृष्टीस पडू नये म्हणून अंगावर हिरवी वस्त्रे, आणि धावपट्टीवर शेणाचे सारवण. रोज अंगण सारवणारे हात येथे देशाचे रक्षण करीत होते.

कोणी म्हणेल, कथेस नायक हवाच. हवा ना! कर्णिकांनी जोखीम पत्करली. त्यांचे श्रेय अबाधित आहे. परंतु एकास नाव आणि तीनशेंस केवळ संख्या, ही वाटणी कलेस शोभत नाही.

हा दोष एकट्या या चित्रपटाचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात लंडनचा वॉटर्लू पूल बांधण्यात शेकडो स्त्रिया खपल्या. उद्घाटनसमयी हर्बर्ट मॉरिसन यांनी गौरव केला तो पुरुषांचाच. आणि दूर कशास जा? महाडाहून रायगडावर जाणाऱ्यास जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आढळते. बुरुजास नाव लाभले ते हिरकणीचे. पण तेही, आख्यायिकेप्रमाणे, लेकरासाठी कडा उतरलेल्या आईचे. स्त्रीने कथेत यावयाचे तर आई व्हावे, नाही तर श्वापद मारावे. तिची मजुरी मात्र वर्णनास अपात्र!

पोलादपूरच्या घाटात रस्त्याच्या कामावर खडीची पाटी वाहणारी बाई आमच्या वाचकांनी पाहिलेली असेल. बिबट्याचे साह्य न घेता जो लेखक ती पाटी आमच्यापुढे उभी करील, त्याची आम्ही वाट पाहत आहोत.