दोन विषाणुप्रकारांची स्पर्धा : एका संगणकीय स्वाध्यायाचे परीक्षण

पदव्युत्तर वर्गांत संगणकावर करावयास दिला जाणारा एक स्वाध्याय आता सर्वपरिचित झाला आहे. एका काल्पनिक वस्तीत विषाणूचे दोन प्रकार सोडावयाचे, प्रत्येकास संक्रमणाचा एक दर द्यावयाचा, बरे झालेल्यांस प्रतिकारक्षम मानावयाचे, आणि दिवसामागून दिवस गणना चालवून कोणता प्रकार वरचढ ठरतो ते पाहावयाचे. आज्ञावली लहान असते, आलेख देखणे येतात, विद्यार्थ्याचा हुरूप वाढतो. शिक्षणाचे साधन म्हणून ह्या स्वाध्यायाचे मोल आम्हांस मान्यच आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी.

स्वाध्यायाच्या रूढ स्वरूपात दोन गोष्टी गृहीत असतात : एका प्रकाराने आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यासही पूर्णपणे अडविते, आणि वस्ती सर्वत्र एकसारखी आहे. इतके मान्य केल्यावर, आजाराचा काळ समान असेल तर, अधिक दराचा प्रकार जिंकणार हे यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरलेले असते. जे पेरले तेच उगवते. मात्र विद्यार्थी त्यास शोध समजतो.

एक साधे गणित करून पाहावे. प्रतिकारशक्ती कोणासच नसलेल्या वस्तीत एका रोग्यापासून सरासरी जितक्यांस लागण होते, त्या संख्येस संक्रमणांक म्हणू. जुन्या प्रकाराचा संक्रमणांक ३ आहे. नव्या ‘क’ प्रकाराचा ४.५ आहे, परंतु जुनी प्रतिकारशक्ती त्यास पूर्णपणे रोखते. ‘ख’ प्रकाराचा संक्रमणांक ३ च आहे, परंतु तो जुन्या प्रतिकारशक्तीपैकी निम्मी चुकवितो. वस्तीतील निम्मे लोक आधीच आजारून बरे झाले असतील, तर ‘क’चा परिणामी अंक ४.५ गुणिले ०.५, म्हणजे २.२५, आणि ‘ख’चा ३ गुणिले ०.७५, म्हणजे तोही २.२५. दोहोंची प्रारंभीची वाढ एकच. कारणे मात्र सर्वस्वी भिन्न. केवळ आलेखावरून कारण सांगता येणार नाही.

आता हेच गणित प्रत्यक्ष वस्तीत नेऊ. विद्यापीठाच्या विद्यानगरीस लागूनच वाकोला आहे. तेथे झोपडवस्त्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या इमारती एकमेकींस खेटून आहेत. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहरातील तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. तीत कोविडची प्रतिपिंडे झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत आढळली. वाकोला त्या तीन विभागांत नव्हता. म्हणून हे आकडे त्याचे नव्हेत, उदाहरणापुरते घेतलेले आहेत. दोन्हीकडे संक्रमणांक तेच धरले, तर ५७ टक्क्यांच्या वस्तीत ‘क’चा परिणामी अंक १.९४ व ‘ख’चा २.१५ येतो. १६ टक्क्यांच्या वस्तीत तेच अंक अनुक्रमे ३.७८ व २.७६ होतात. म्हणजे एकाच रस्त्याच्या अलीकडे एक प्रकार वरचढ, पलीकडे दुसरा! सरासरीची एकजिनसी वस्ती घेणाऱ्या स्वाध्यायात नेमके हेच नाहीसे होते.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. २०२१ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात केंब्रिजचे रवींद्र गुप्ता व त्यांचे सहकारी यांचा डेल्टा प्रकारावरील निबंध आला. त्यात मुंबईच्या आकडेवारीवर दोन प्रकारांचेच प्रतिरूप बसविले होते. डेल्टाची संक्रमणक्षमता पूर्वीच्या प्रकारांच्या १.१ ते १.४ पट असावी आणि आधीच्या संसर्गाने आलेल्या संरक्षणापैकी २० ते ५५ टक्के तो चुकवीत असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी एकच आकडा दिला नाही. दोन्ही कारणे एकत्र तोलून मर्यादा दिल्या. आमच्या मते ह्या सावधगिरीतच त्या निबंधाची शास्त्रीयता आहे.

मुंबईने हा धडा पूर्वीही दिला आहे. १९२७ साली केरमॅक व मॅकेन्ड्रिक यांनी आपले प्रख्यात समीकरण १९०५-०६ च्या मुंबईतील प्लेगमृत्यूंना लावून दाखविले, आणि ते सुरेख जुळले. परंतु प्लेग उंदीर व पिसवा यांच्याद्वारे पसरतो, आणि समीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान नव्हते. मनुष्यांतील साथ ही उंदरांतील साथीचे प्रतिबिंब होय, हे त्या लेखकांनीही ओळखले होते. वक्र जुळणे हा कारणाचा पुरावा नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी : स्वाध्याय ठेवावा, पण प्रश्न बदलावा. ‘कोणता प्रकार जिंकेल?’ असे न विचारता, ‘हाच आलेख आणखी कोणत्या गृहीतांतून येऊ शकेल, आणि त्यांतील भेद ओळखण्यास कोणते निरीक्षण लागेल?’ असे विचारावे. वस्तीचे निदान दोन भाग करावेत, आणि त्यांतील रोजची ये-जा मोजावी. झोपडवस्तीतील बाई सकाळी इमारतीत कामास जाते, हेही संक्रमणाचे एक पद आहे. टाटा संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये मुंबईचे प्रतिरूप रचताना झोपडपट्ट्या निराळ्या धरल्याच होत्या.

ह्यात केवळ गुणपत्रिकेचा प्रश्न नाही. ‘तुम्हांस एकदा होऊन गेला, आता भय नाही’ असे वाकोल्यातील एखाद्या कुटुंबास सांगावयाचे की नाही, हे ‘क’ व ‘ख’ यांतील भेदावर अवलंबून आहे. तो भेद ज्या आज्ञावलीस दिसत नाही, तिच्या आधारे असा दिलासा देण्याचा अधिकार आपणांस नाही.