ऋत, धर्म आणि धम्म : एका समीकरणाची तपासणी

बुद्धाचा धम्म म्हणजे वैदिक ऋताचाच विकसित आविष्कार होय, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. वरवर ते सौहार्दाचे वाटते. परंतु त्यामुळे धम्माचे वेगळेपण अलगद पुसले जाते. म्हणून ते मूळ ग्रंथांच्या आधारे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. ऋत म्हणजे निव्वळ कर्मकांड, असे आपल्यापैकी काही अभ्यासक म्हणतात. ते यथार्थ नाही. उषेचे नियमित येणे, नद्यांचे वाहणे आणि माणसाचे सत्य बोलणे या तिन्हींचा ऋग्वेदात ऋताशी संबंध आहे. असत्यास ‘अनृत’ म्हणतात ते यामुळेच. तेथील नैतिक जाणीव नाकारून आपला पक्ष बळकट होत नाही.

प्रश्न आहे तो या नैतिकतेच्या आधाराचा. सातव्या मंडलातील ८६ व्या सूक्तात वसिष्ठ ऋताचा रक्षक जो वरुण, त्याची करुणा भाकतो. पितरांच्या आणि स्वतःच्याही अपराधांतून तो मुक्ती मागतो. अपराध स्वेच्छेने नव्हे, तर मद्य, क्रोध, द्यूत व अविचार यांमुळे घडला, असे निवेदन करतो. सूक्त हृदयस्पर्शी आहे. पण त्यात पाप वारशाने येऊ शकते आणि देवाच्या कृपेने सुटते. याउलट अंगुत्तर निकायात तथागत चेतनेलाच कम्म म्हणतात. तेथे क्षमा करणारा वरुण नाही. प्रत्येक जण आपल्याच कम्माचा वारस आहे.

दुसरा मुद्दा कर्तव्याचा. दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात चार वर्णांची उत्पत्ती येते. अखेरच्या ऋचेत ‘धर्म’ हा शब्द यज्ञाचे आद्य विधी या अर्थाने येतो. वर्णांची कामे हे सूक्त वाटून देत नाही. ते पुढे धर्मसूत्रांनी व मनुस्मृतीने केले. तथापि वर्ण हा विश्वरचनेचाच भाग मानला, की कर्तव्य जन्मावरून ठरविण्याची वाट मोकळी होते. शूद्रांच्या उत्पत्तीविषयीच्या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी आरंभीच या सूक्ताची चिकित्सा केली, ती याचसाठी. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तात तथागत वासेट्ठ व भारद्वाज यांना वर्णांचा उगम मानवी व्यवहारात दाखवितात.

नियमबद्धता धम्मातही आहे. संयुत्त निकायात पटिच्चसमुप्पादाच्या संदर्भात ‘धम्मनियामता’ हा शब्द येतो. परंतु हा नियम यज्ञाने टिकत नाही आणि कोणाचा जन्म पाहत नाही. ऋताशी धम्माची तुलना अवश्य करावी. समीकरण मांडण्यापूर्वी मात्र ही दोन सूक्ते आणि अग्गञ्ञ सुत्त शेजारी ठेवून वाचावीत.