फादर जेरींची मागणी

गुन्हेगारी चित्रपटांचे नाव काढताच आपल्याकडे नाके मुरडली जातात. तरीही १९३८ साली वॉर्नर ब्रदर्सने काढलेला, मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ ख्रिस्ती रसिकाने मुद्दाम पाहावा. कारण त्यातील खरा पेच पिस्तुलाचा नसून सत्याचा आहे.

रेल्वेच्या डब्यात शिरलेल्या दोन मुलांपैकी जेरी पळून निसटतो. रॉकी सापडतो व सुधारगृहात जातो. पुढे जेरी (पॅट ओब्रायन) न्यूयॉर्कच्या त्याच गरीब वस्तीत धर्मगुरू होतो, तर रॉकी (जेम्स कॅग्नी) नामांकित गुंड. रॉकीचे एक लाख डॉलर दाबून बसलेला वकील फ्रेझिअर आणि त्याचा साथीदार कीफर यांनी शहराचा कारभारच विकत घेतला आहे. रॉकीने निनावी धाडलेले दहा हजार डॉलर फादर नाकारतात आणि नभोवाणीवरून भ्रष्टाचाराविरुद्ध आघाडी उघडतात. पटकथा लंगडी पडते ती येथेच. फादरांच्या जिवावर उठलेल्या त्या दोघांना रॉकी गोळ्या घालतो आणि लाचखोरीचा प्रश्न जणू त्यांच्यासोबतच पुरला जातो!

चित्रपटाची खरी उंची शेवटच्या काही मिनिटांत आहे. वस्तीतील मुले रॉकीला देव मानतात. म्हणून फादर मरणोन्मुख मित्राकडे अखेरची मागणी करतात : भेकडासारखा मर. धैर्याखेरीज ज्याच्यापाशी काही उरले नाही, त्याच्याकडे धैर्याचेच दान मागायचे! रॉकी नकार देतो. मात्र विजेच्या खुर्चीपाशी तो किंचाळतो, गयावया करतो. आपल्याला दिसतात त्या भिंतीवरच्या सावल्या आणि घट्ट आवळलेले हात. ते सोंग होते की खरे भय? आपण हे हेतुतः संदिग्ध ठेवले, असे कॅग्नीने पुढे १९७६ सालच्या आत्मचरित्रात सांगितले.

हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० साली लिहिणाऱ्यांत येशूसंघीय फादर डॅनिएल लॉर्ड होते. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. गुन्हेगाराविषयी प्रेक्षकाला सहानुभूती वाटू नये, हा तिचा दंडक. फादर जेरी रॉकीकडे जे मागतात, तेच ती संहिता चित्रपटाकडे मागत होती. मात्र कॅग्नीच्या अभिनयाने तो दंडक आतून पोखरला आहे; रॉकीचा तिटकारा येणे अशक्य होते.

मग फादरांचे काय? संत ऑगस्टीन यांना कोणत्याही हेतूने बोललेले असत्य मान्य नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांनी परोपकारार्थ असत्याचा दोष सौम्य मानला, पण दोष मानलाच. खुर्चीपाशी फादरांच्या डोळ्यांत येणारे अश्रू मला कृतज्ञतेचे वाटतात. म्हणजे रॉकीने सोंग केले असाच त्यांचा समज दिसतो. तरीही वृत्तपत्र हाती घेतलेली मुले विचारतात तेव्हा, छापलेले सारे खरे आहे, असे ते सांगतात. हा आपल्या परिचयाचा ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. दिग्दर्शक त्यांना दोषी ठरवत नाही, निर्दोषही सोडत नाही. फादर मुलांना घेऊन जिना चढू लागतात, आपल्याइतके वेगाने धावू न शकलेल्या एका मुलासाठी प्रार्थना करायला.