ताहितीय स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र

विख्यात भारतीय चित्रकर्त्री अमृता शेरगिल (३० जानेवारी १९१३–५ डिसेंबर १९४१) यांचे तैलचित्र. पॅरिसमधील वास्तव्याच्या अखेरच्या वर्षी, १९३४ मध्ये, रंगविलेले हे सु. ९० × ५६ सेंमी. आकाराचे चित्र नवी दिल्ली येथील किरण नाडर कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

शेरगिल यांचे वडील शीख, तर आई हंगेरियन. १९२९ पासून पॅरिसमध्ये कलाशिक्षण घेत असता फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ (१८४८–१९०३) याने रंगविलेल्या ताहिती बेटावरील स्त्रियांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. प्रस्तुत चित्रात त्यांनी स्वतःला तशाच रूपात रंगविले आहे : देह कमरेपर्यंत अनावृत, खाली पांढरे वस्त्र, केस मागे बांधलेले, हात एकमेकांवर ठेवलेले. मागे एका पुरुषाची गडद सावली असून पार्श्वभूमीवर जपानी चित्रांची आठवण करून देणाऱ्या आकृती अस्पष्टपणे दिसतात.

गोगँच्या चित्रांतील स्त्री परक्या पुरुषाने पाहिलेली आहे. येथे पाहणारी व पाहिली जाणारी व्यक्ती एकच आहे. पुरुषाची सावली मात्र हटलेली नाही. ती चित्रकाराची, प्रेक्षकाची की ज्या परंपरेतून हे रूप उसने घेतले तिची, हे अनिर्णित राहते. दृष्टी एका बाजूस वळलेली असल्याने प्रेक्षकाला आवाहन नाही आणि शरणागतीही नाही. चेहऱ्यावरील गंभीर अलिप्तता देहाच्या मोहकतेवर मात करते.

चित्राची मर्यादाही यातच आहे. ताहितीचे रूप धारण करणे म्हणजे यूरोपने कल्पिलेल्या दूरदेशीच्या स्त्रीचा साचा स्वीकारणे होय. त्या साच्याविषयीचे भान चेहऱ्यात प्रकटते, देहाच्या मांडणीत नाही.

१९३४ च्या अखेरीस भारतात परतल्यानंतर काढलेल्या तीन मुली (१९३५) या चित्रात तीच अलिप्त, वळलेली दृष्टी आढळते. परंतु तेथे वेशांतराची गरज उरलेली नाही. या चित्रास १९३७ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९३६-३७ च्या प्रवासात अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहिल्यावर ब्रह्मचारी (१९३७) यासारख्या चित्रांत त्यांना स्वतःची आकारभाषा गवसली. आत्मचित्रात जे स्वत्व उसन्या रूपाआड शोधले, ते अखेर इतरांची चित्रे रंगविताना त्यांच्या हाती आले. या शोधाचा आरंभबिंदू म्हणून प्रस्तुत चित्राचे महत्त्व आहे.