‘श्यामची आई’ आणि वर्गांतील मुकें मूल

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतील मातृप्रेम, संस्कार व साधेपणा यांची वाखाणणी तर इतकी झाली आहे, कीं तींत भर घालण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. हें पुस्तक वर्गांत मोठ्यानें वाचलें जात असतां, ज्याची आई नुकतीच गेली आहे असें एखादें मूल समोरच्या बांकावर बसलेलें असेल, तर शिक्षकानें काय करावें?

जळगांव-धुळ्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाहीं. कर्जाच्या ओझ्याखालीं ज्यांच्या बापानें जीवन संपविलें अशीं मुलें येथील शाळांत आहेत; २०२०-२१ च्या साथीनें पोरकीं केलेलीं मुलेंहि आहेत. सरकारनें अशा घरांसाठीं पैशांची तरतूद केली. परंतु मूल पुन्हां वर्गांत येतें त्या पहिल्या दिवसाची तरतूद शिक्षकावांचून कोण करणार?

आमच्या मतें याचें उत्तर या पुस्तकांतच आहे. मात्र तें त्याच्या उपदेशांत नसून त्याच्या घडणींत आहे. श्याम आपल्या आईच्या आठवणी बेचाळीस रात्रीं सांगतो. एका बैठकींत मन मोकळें करून टाकीत नाहीं. प्रार्थना होते, ओळखीची मंडळी जमते, ठरलेल्या वेळीं गोष्ट सुरू होते आणि संपते. मधल्या रात्रींत फुलें आहेत, गाय आहे, पत्रावळ लावणें आहे. आईच्या मृत्यूपाशीं तो पोंचतो तो अगदीं अखेरीस. दुखावलेल्या मनाला वेळ, नियमितपणा आणि विश्वासाचीं माणसें लागतात, हें तत्त्व येथें शब्दांनीं सांगितलेलें नाहीं. रचनेनेंच पाळलेलें आहे.

हें गुरुजींना कोठून साधलें? १९२४ पासून १९३० पर्यंत ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांत मुलांच्या खोल्या ते झाडीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि त्यांच्यासाठीं हस्तलिखित दैनिक काढीत. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, तीं ऐकून लिहून घेणारे गुरुजीच. दुसऱ्याच वर्षीं, नाशिकच्या तुरुंगांत, त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. सांगणाऱ्यानें आधीं ऐकणारा व्हावें, हा क्रम शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

याच्या उलट, मुलांच्या डोळ्यांत पाणी आलें म्हणजे तास यशस्वी झाला असें मानणारे शिक्षक आहेत. वाचन संपतांच ते ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहावयास सांगतात. पोरक्या मुलानें तेथें काय लिहावें? चार मुलांदेखत त्याची कींव करणें, किंवा घडलेली हकीकत त्याच्याकडून वदवून घेणें, हें सहानुभूतीच्या वेषांतलें क्रौर्य होय.

पुस्तकांतील एका स्थळीं मात्र आम्हांस थांबावें लागतें. विहिरींत उतरण्यास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, आणि मग जवळ घेऊन धीटपणाचा धडा देते. श्यामला त्या मारामागची माया दिसली, कारण मायेचा ठेवा त्याच्या गांठीं आधींच होता. ज्याचा तो ठेवा हरवला आहे, त्याला छडींत छडीच दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे, तेव्हां हें प्रकरण शिकवितांना त्याचा विवेक शिक्षकानेंच करावयास हवा.

आघात सोसलेलें मूल नेहमीं रडतच बसतें असें नाहीं. तें दार आपटलें तरी दचकतें, पाठ केलेलें विसरतें, बांकावर डोकें टेकून झोपतें, क्षुल्लक कारणावरून दुसऱ्याच्या अंगावर धावून जातें. धोका टळल्यावरहि त्याचें शरीर पहाऱ्यावरच असतें, हें मानसशास्त्रानें आतां स्पष्ट केलें आहे. त्याला उद्धट किंवा आळशी ठरविणें सोपें. परंतु त्यानें पहारा उठत नाहीं. तो उठतो रोजच्या ठरलेल्या क्रमानें, एका भरंवशाच्या शिक्षकानें, हातांना मिळालेल्या लहानशा कामानें, आणि आज कोणता पाठ वाचणार हें त्याला आधीं एकांतांत सांगून ‘नको वाटलें तर बाहेर जाऊन बैस’ अशी मोकळीक दिल्यानें. शिक्षक वैद्य नव्हे. अन्न-झोप तुटली, जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडीं आले, तर त्यानें विनाविलंब जाणत्या डॉक्टरांचें किंवा समुपदेशकाचें साहाय्य घेतलेंच पाहिजे.

म्हणून हें पुस्तक वर्गांतून काढून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. तें अवश्य वाचावें. पण रडूं आणण्यासाठीं नव्हे. श्यामला बेचाळीस रात्रीं मिळाल्या. आपल्या वर्गांतील मुक्या मुलालाहि त्याच्या वाट्याच्या रात्रीं मिळूं द्याव्या, आणि ज्या रात्रीं त्याला कांहींच सांगावेंसें वाटणार नाहीं, त्या रात्रींहि मंडळींत त्याची जागा राखून ठेवावी.