ग्राफीनचे रासायनिक रूपांतरण आणि विद्युतवाहकता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटपासून एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'रासायनिक बदलाने ग्राफीनची विद्युतवाहकता वाढविणे' हे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे एक परिचित उद्दिष्ट आहे. मात्र या उद्दिष्टाची मांडणी पुरेशी नेमकी नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
वाहकता ही विद्युतभार वाहणाऱ्या कणांची संख्या व त्यांची गतिशीलता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. शुद्ध ग्राफीनमध्ये गतिशीलता विलक्षण असते. २००८ मध्ये अधांतरी ठेवलेल्या थरात ती सुमारे २,००,००० चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद आढळली. उणीव असते ती वाहक कणांच्या संख्येची. परंतु ही उणीव भरून काढताना कार्बन अणूंशी नवे सहसंयुज बंध जोडले, तर इलेक्ट्रॉनांचा मार्गच खंडित होतो. २००९ मध्ये हायड्रोजन जोडलेले ग्राफीन विद्युतरोधक बनल्याचे दिसून आले. ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण केल्यावर वाहकता अनेक पटींनी वाढते हे खरे. पण ती तुलना ऑक्साइडशी असते, शुद्ध ग्राफीनशी नव्हे. क्षपणानंतरही जालकात दोष उरतातच.

याउलट, बंध न तोडता केवळ विद्युतभाराची देवाणघेवाण घडविणारे डोपिंग अधिक फलदायी ठरले आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये नायट्रिक आम्लाचा वापर करून चार थरांच्या पारदर्शक पटलाचा पृष्ठरोध प्रति चौरस सुमारे ३० ओहमपर्यंत खाली आणला. परंतु पृष्ठभागावरील आम्लाचे रेणू कालांतराने निघून जातात व रोध पुन्हा वाढतो. एक्सेटर विद्यापीठात २०१२ मध्ये थरांच्या मध्ये फेरिक क्लोराइड बसवून ८.८ ओहम इतका रोध साध्य झाला व तो हवेतही टिकला. मात्र पारदर्शकता ८४ टक्क्यांवर आली.

निष्कर्ष :
तात्पर्य, 'वाहकता वाढली' हे विधान एकटे अपुरे आहे. वाढ कशाच्या तुलनेत, गतिशीलतेची किती किंमत देऊन आणि किती काळासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शोधनिबंधात असली पाहिजेत. दोन-तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीत तिसरा प्रश्न मागे पडण्याचा संभव अधिक असतो. म्हणून मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने प्राध्यापकांनी तो प्रथम विचारावा, असे सुचवावेसे वाटते.