चार पत्त्यांचे कोडे आणि पटिपुच्छा

सामान्य माणसास तर्क जमत नाही, हे सिद्ध करण्यासाठी पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचे १९६६ चे कोडे वारंवार पुढे केले जाते. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर, दुसऱ्या बाजूस अंक. वर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, ४ आणि ७. ‘एका बाजूस स्वर असल्यास दुसऱ्या बाजूस सम अंक असतो’ हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत? उत्तर : स्वर आणि ७. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाल्यास मोडतो. हे दहांत एखाद्यालाच सुचते. परंतु ग्रिग्ज व कॉक्स यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडात हेच कोडे बिअर पिणाऱ्याचे वय तपासण्याच्या रूपात घातले, तेव्हा शेकडा ७० हून अधिक लोकांचे उत्तर बरोबर आले.

स्टेनिंग व व्हॅन लँबाल्गन यांचा ‘ह्यूमन रीझनिंग अँड कॉग्निटिव्ह सायन्स’ (२००८) हा ग्रंथ नेमके येथे बोट ठेवतो. माणूस आधी प्रश्नाचा अर्थ लावतो, मग तर्क करतो. नियमास अपवाद चालतो काय? एकाच पत्त्याने नियम खोटा ठरल्यास दुसरा उलटावा काय? उत्तर देणाऱ्यांशी संवाद साधून अशा शंका टिपल्या, हे या ग्रंथाचे खरे बळ होय. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नांचे चार प्रकार आले आहेत : एकंस म्हणजे थेट उत्तर देण्याचा, विभागून उत्तर देण्याचा, उलट विचारून उत्तर देण्याचा आणि बाजूस ठेवण्याचा. वेसन यांचा प्रश्न आमच्या मते तिसऱ्या प्रकारचा, पटिपुच्छेचा होता. उत्तर मात्र एकंस मागितले गेले. (भरती-परीक्षांना बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे नवीन नाही, तेथे उलट विचारण्याची सोयच नसते.) एवढ्यावरून बहुसंख्यांना तर्कहीन ठरविणे ही विद्वानांची घाई होय.

तथापि ग्रंथकारांचे औदार्य आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. अर्थ स्पष्ट झाल्यावरही ७ चा पत्ता न उलटणे ही चूकच. कथावत्थूतील वादी हेच पाऊल पुनःपुन्हा टाकतो : पहिले मानता, तर दुसरे माना, दुसरे नाकारता, तर पहिले सोडा. २०० हून अधिक वादविषयांच्या त्या ग्रंथात ही घोकंपट्टी कंटाळवाणी वाटते खरी. पण हे पाऊल उपजत येत असते, तर ती कोणी करविली नसती.